रेंजच्या आतले नाना

गावातल्या लग्नात आमचे शेजारी नाना मांडवाबाहेर उकिरड्याच्या कडेला बसून जेवायचे, पत्रावळ मांडीवर घेऊन. मांडवात बसलं की त्यांची रेंज जायची.

ही रेंज मोबाइलची नव्हे, गोठ्यातल्या बेलची. येडगावात ऊस वाढला आणि बिबट्या पार घरापाशी फिरायला लागला, तेव्हाची गोष्ट. कुणी गोठ्याला जाळ्या ठोकल्या, कुणी फटाके आणून ठेवले. नानांनी जुन्नरच्या बाजारातून बिनतारी बेल आणली. बटण गव्हाणीजवळच्या खांबाला, आणि चिमण्यांसारखा चिवचिवणारा डबा नानांच्या बंडीच्या खिशात.

"नाना, बिबट्या बेल वाजवून आत येणार का?" मी विचारलं.

"हसा राव, हसा. आपुन रेंजच्या भाईर जात नाय, बास."

आणि खरंच जात नसत. सख्ख्या भाचीचं लग्न डिंभ्याला होतं, तिथेही गेले नाहीत. बहिणीने बोलणं टाकलं. पारावर गप्पा रंगल्या की नाना मध्येच गोठ्याकडे तोंड करून ओरडायचे, "दाब गं!" नानी बटण दाबायची, खिशात चिमण्या कलकलाट करायच्या आणि नाना समाधानाने तंबाखू मळायला घ्यायचे. सेल उतरले की ते उन्हात पत्र्यावर वाळत घालायचे, कुरडयांशेजारी. गावाने त्यांचं नाव 'चिमणीवाले' ठेवलं. नानांनी ते बिनतक्रार लावून घेतलं.

एकदा संध्याकाळी, धारांच्या वेळी, नाना आमच्या ओट्यावर चहा पीत होते. खिशातल्या चिमण्या ओरडल्या. "दाब" कुणी म्हटलं नव्हतं. नाना कपबशी टाकून धावत सुटले. मी कुदळीचा दांडा घेऊन मागे. आमची पळापळ बघून पारावरची मंडळीही काठ्या शोधायला लागली.

गोठ्यात बिबट्या नव्हता. नानी खांबाशी आडवी पडली होती. हातपाय ताठ, ओठांवर फेस, शेजारी दुधाची चरवी कलंडलेली. म्हशी निवांत रवंथ करत होत्या. नानांनी नानीला सरावाने कुशीवर वळवलं आणि बंडी काढून डोक्याखाली सारली.

"लई वर्सं झाली, फिट येती," ते दबक्या आवाजात म्हणाले. "येनार आसली की तिला आधी कळतं, म्हून बटन. पोरीचं लगीन जमत आलंय. आयशीला फिटा येत्यात म्हनल्यावर मोडंल. हिनं शपथ घातलीया मला, कुनाला बोलायचं न्हाई."

मला त्या माणसाबद्दल एकदम माया दाटून आली.

बाहेर पावलं वाजली. नाना नानीचा पदर सारखा करत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मागितलं काही नाही. मी दांडा उचलला आणि दारात जाऊन उभा राहिलो.

"काय व्हतं, भाऊ?" पुढच्याने विचारलं.

"बिबट्या," मी म्हणालो. "उसात पळाला. नानी घाबरलीय, आत गर्दी नको."

"केवढा व्हता?" म्हणत तो आत डोकवायला लागला.

मी जन्मात बिबट्या पाहिलेला नव्हता. दांडा खाली टाकला आणि दोन्ही हात पसरले, पार चौकटीला टेकेपर्यंत.