‘ड्रेंच’ : अर्थ, उगम व प्रात्यक्षिक

ज्या समाजाला वेळेवर इंग्रजी शब्द सापडत नाही, त्या समाजाची प्रगती खुंटते. हे ओळखूनच १९९१ साली बेलवलीतल्या आमच्या सोसायटीने ‘आंग्ल शब्दबोध मंडळ’ स्थापन केलं. (नळाची दुसरी लाइन घेण्याचा विषय त्याच सभेत होता. तो एकमताने पुढे ढकलण्यात आला.) दर शनिवारी गच्चीवर एक शब्द. मार्गदर्शक शरदचंद्रकाका, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, आणि तेव्हापासून कोणाचं ऐकून न घेणारे.

त्या शनिवारचा शब्द सुनंदावहिनींनी आणला होता. त्यांच्या अंजनीला बघायला अंबरनाथहून मुलगा आला, तो वाटेत फुटलेल्या पाइपाच्या कारंज्यातून स्कूटर घालून. दारातच म्हणाला, ‘‘आय ॲम ड्रेंच्ड.’’ घरात कोणाला काही कळेना. इंग्रजीत सांगतोय म्हणजे बढतीच मिळाली असणार, असं धरून वहिनींनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. पोरगा बिचारा ओल्या पँटीत तासभर पंख्याखाली बसला आणि शिंकत शिंकत पसंती देऊन गेला. पण वहिनींच्या मनाला ते लागलंच. रविवारी साखरपुडा, त्याआधी शब्द समजलाच पाहिजे.

अडचण एकच. साखरपुड्याच्या उसळीचे हरभरे रात्री भिजत घालायचे होते आणि पिंपात ठणठणाट. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, अर्धा तास, नळाच्या मर्जीने. म्हणून वहिनींनी अंगणातल्या सामाईक नळाखाली बादली लावली, तोटी उघडी ठेवली आणि गच्चीवर पहिल्या रांगेत येऊन बसल्या. (शब्द त्यांचाच, मागे बसणं बरं दिसलं नसतं.)

काकांनी घसा खाकरला. ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणे, हा झाला अर्थ. उगम फार जुना, मुळात ‘पाजणे’. पुढे गुराढोरांना नरसाळ्याने औषध पाजणे. एवढ्यात खाली बादलीत धार वाजली. सगळे सभासद ताठ झाले. पण उठणार कोण? जो उठेल तो अडाणी ठरेल, अशी प्रत्येकाला धास्ती. वहिनींनी हळूच विचारलं, जरा जाऊन येऊ का. काका म्हणाले, प्रश्न शेवटी. बादली भरली, भळाभळा वाहू लागली, तेव्हा काकांनी बोट वर केलं आणि हा आवाज उदाहरण म्हणून ऐका असं सांगितलं. आम्ही ऐकलं. काहींनी टिपूनही घेतलं.

आभारप्रदर्शन आटोपून खाली आलो तर नळ गेलेला. अंगण चिंब. शेजारच्या गोठ्यातल्या बनूबाईंची म्हैस वहिनींची बादली तळापर्यंत पिऊन समाधानाने उभी. अर्थ आणि उगम एकाच जागी सिद्ध झालेले पाहून काकांचे डोळे पाणावले. (सोसायटीत तेवढंच पाणी.)

वहिनी मात्र पायरीवर बसून रडल्या, अगदी हुंदके देऊन. ज्ञानासाठी थोडी झळ सोसावीच लागते, असं आम्ही त्यांना समजावलं.

दुसऱ्या दिवशी उसळीऐवजी बटाट्याच्या काचऱ्या झाल्या. जावई आले, बसले, आणि चक्क मराठीत त्यांनी प्यायला पाणी मागितलं. वहिनींनी थंड्याची बाटली पुढे केली.

‘‘पाणी नाही, जावईबापू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण तुमचा शब्द कळला.’’

मंडळ अजून जोरात आहे. नवीन सभासदांत तुमचंही नाव घातलंय. अर्थ, उगम, सगळं शेवटपर्यंत ऐकलंत, एकदाही जागचे हलला नाहीत. तुमची शेजारीण मघाशीच हंडा घेऊन खाली गेली.