दोघांनाही एकच बाजू

चर्चा सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच पक्षाचे प्रवक्ते म्हणाले, "समीक्षक महोदयांशी मी शंभर टक्के सहमत आहे." स्टुडिओच्या काचेपलीकडे वाहिनीच्या सहायिकेच्या हातून चहाचा कप सुटला.

वाहिनीचे पाहुणे कुठल्याही बाजूने बोलायला तयार असत. बाजू कोणती, ते कळवणं तिचं काम. एकाला 'बाजूने'चे मुद्दे, दुसऱ्याला 'विरुद्ध'चे. आजचा विषय, जुन्या कादंबऱ्यांतले आक्षेपार्ह उतारे वगळावेत का? दुपारी घरून कागद पाठवताना दात येणारं पिल्लू मांडीवर किरकिरत होतं. एका हाताने थोपटत, दुसऱ्या हाताने तिने 'बाजूने'चाच कागद दोघांना धाडला होता!

परवाच साहेबांनी बजावलं होतं, "आणखी एक चूक, की बस घरी बाळाला घेऊन."

"अरे, भांडण लाव!" साहेब माइकवरून निवेदकाच्या कानात ओरडले.

निवेदकाने घाम पुसला. "पण प्रवक्ते, तुमचा काहीतरी आक्षेप असेलच?"

"एकच. समीक्षक फार सौम्य बोलले."

"चुकलंच माझं," समीक्षकांनी कबूल केलं.

निवेदक मेटाकुटीला आला. "मग मीच म्हणतो, एक ओळही वगळू नका!"

"वा! यातही तथ्य आहे," दोघे एका सुरात म्हणाले.

प्रेक्षकांचे फोन खणखणू लागले. एका आजोबांनी हळूच विचारलं, "कोणी गेलं का हो? इतकं गोड बोलतायत!"

जाहिराती लागल्या आणि स्टुडिओच्या दारात आरडाओरडा झाला.

"मत माझं होतं! तुम्ही नुसती री ओढलीत!" समीक्षक गरजले.

"आणि सहमत व्हायचा मोठेपणा कोणी दाखवला? तुमच्या काकांनी?" प्रवक्त्यांनी बाह्या सारल्या.

"कॅमेरा! दाराकडे फिरव कॅमेरा!" साहेब किंचाळले. वीस मिनिटं ते भांडण थेट घराघरांत गेलं. मग साहेब तिच्याकडे वळले. "दोघांना एकच कागद तू पाठवलास?"

"हो साहेब. चुकून..."

"चुकून म्हणू नकोस कोणाला. उद्यापासून असाच पाठवायचा."

सुन्न होऊन तिने घरी फोन लावला.

"अगं, चर्चा लागली आणि पिल्लू गाढ झोपलं," सासूबाई कुजबुजल्या. "महिन्यात पहिल्यांदा! मेल्यांनी दारात भांडून उठवलं. साहेबांना सांग, उद्या जरा जास्त वेळ सहमत ठेवा म्हणावं."