गुरू शिर्डीला गेलाय

भिंगारच्या आमच्या गल्लीत आबा कधी कुणाची बेल वाजवत नाहीत. दारासमोर एक पाय वर धरून उभे राहतात आणि पोटातून "हुय्या" असा आवाज काढतात. सत्तरी ओलांडलेला, लष्कराच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला हा शेजारी दिवसाआड माझ्या हातातला चहा सांडवतो.

"सर, नजर नाकावर, पाय हवेवर," हा त्यांचा मंत्र. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, तरी एकदा हा मंत्र मी आमच्या फाटकावर आजमावला. फाटक शाबूत राहिलं. पायाच्या प्लॅस्टरबद्दल मी पोरांना स्कूटर पडल्याचं सांगितलं. पोरांनी ते निमूट ऐकून घेतलं, कारण प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात होते.

आबांचं हे वेड एका जुन्या कुंगफूच्या सिनेमाचं. लग्न नवं होतं तेव्हा श्रीगोंद्याच्या जत्रेत, तंबूत, त्यांनी तो बायकोबरोबर, आमच्या आक्कांबरोबर, पाहिला. बरोबर म्हणजे गडी एकीकडे, बाया दुसरीकडे आणि मध्ये दोरी. सिनेमा इंग्रजी. आक्कांना कळावं म्हणून आबा दोरीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात मराठीतून गोष्ट सांगत राहिले. बायांची अख्खी बाजू ती ऐकत होती.

तोच सिनेमा आता नव्याने काढलाय आणि हिंदीतही आलाय, हे मला मोबाईलवर दिसलं. रविवारी दुपारी मी दोघांना घरी बोलावलं. जुन्या-नव्यातला फरक समजावणारं छोटं भाषणही कागदावर लिहून ठेवलं होतं. ते कोणी मागितलं नाही.

सिनेमा सुरू झाला. आक्का पोह्यांची बशी घेऊन बसल्या. पडद्यावर कोणीतरी म्हाताऱ्या गुरूच्या चहात विष कालवलं, तसे आबा माझ्याकडे सरकले.

"सर, आवाज बंद करा."

"अहो आबा, आत्ता कुठे रंगात आलाय."

"बंद करा म्हनतो ना." मग कानाशी कुजबुजले, "म्हातारा मरतोय. हिचा बाप तवा नुकताच गेल्ता. मरतोय म्हनून कसं सांगायचं? मी सांगितलं, गुरू शिर्डीला गेलाय. आता हिंदीत समदं कळंल तिला."

मी आवाज बंद केला. गुरू कोसळला. शिष्य छाती पिटू लागले. आबा उभे राहून मोठ्यांदा सांगू लागले, "गुरू निघाला बरं का. पोरं म्हनत्यात, आमाला बी न्या." तेवढ्यात चिता पेटली. आबा अडखळले. "ही... ही शिर्डीची धुनी हाय," ते कसंबसं म्हणाले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

पडद्यावरची नजर न काढता आक्का म्हणाल्या, "तवा बी मेलाच हुता की. दोरीच्या अलीकडं आमाला काय डोळं न्हवतं?"

"मग आबांना कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? बाप गेल्यावर जो तो मला रडवायला यायचा. ह्यांनी एकट्यांनी भर तंबूत वरडून वरडून माझ्यासाठी खोटं सांगितलं. तवाच म्हनलं, ह्यांच्यासंगं माझं निभंल."

मी उगाच रिमोटची बटणं पाहत बसलो.

आबा तोंड पुसत परत आले. "काय झालं मधी?"

"काय न्हाई," आक्का म्हणाल्या. "शिर्डीत रांग लई मोठी हाय म्हनं. गुरूला याया उशीर हुईल."

आबा हुश्श करून त्यांच्या शेजारी टेकले आणि पुढची गोष्ट सांगू लागले. मी भाषणाचा कागद खिशात घातला. शेवटच्या पाट्या सरकून गेल्या तरी मी टीव्ही बंद केला नाही. गुरू अजून शिर्डीहून यायचा होता.