सूरसुधारकाचें मासिक भाडें आणि थळची हळद

प्रांत अलिबाग, मौजे थळ, समुद्रतीर येथील वर्तमान ऐसें जें, शके एकोणीसशें सत्तेचाळीस, चैत्रारंभीं, दर्यापारचे कंपनीनें गाण्याबजावण्याचे कारखानदारांवर दरमहा भाडें बसविलें, त्यावरोन पांच गांवचे संगीतकारांत मसलत कैसी पडली, मोहीम कैसी जाहली, आणि अखेरीस मोरू तांडेलांचे गळ्याचा निवाडा काय लागला, हें पुसणारे पुष्कळ आणि नीट सांगणारा एकही नाहीं, म्हणोन जें घडलें तें पदरचा मीठमसाला बेताचाच घालोन लिहिलें आहे. श्रोतीं मोबाईल पालथा ठेवोन सादर व्हावें.

थळचे कोळीवाड्यांत मोरू तांडेल म्हणोन नामांकित दर्यावर्दी, तीस वर्षें नौकेवर इंजिनाचे आवाजावर आवाज चढवोन खलाशांस हुकूम देणारे, त्यांचे पुत्र राजश्री निकेतराव. जाळीं ठेवावयाचे खोलींत भिंतींस गोधड्या टांगोन, एक संगणक, एक माइक आणि एक पंखा, जो गाणें भरतेसमयीं बंद ठेवणें प्राप्त, इतका सरंजाम जमवून त्यांणीं स्टुडिओ स्थापिला. खोलीस सुक्या बोंबलाचा वास जन्माचा, परंतु माइकास नाक नसतें, म्हणोन कारभार चालला. अलीकडे किनाऱ्यावर रिवाज ऐसा पडला कीं, हळदीस नवरीचे नांवाचें खासें गाणें पाहिजे, आणि तें घरचेच माणसानें, म्हणजे मामानें, आत्यानें अगर बापानें गाइलेलें पाहिजे. आतां मामा म्हणजे कांहीं गवई नव्हे. बहुतेक मामे सुरास बगल देऊन निघोन जात. त्यांस धरोन आणोन सुरांत बसविणारा जो जिन्नस त्यास प्लगइन म्हणतात; तो संगणकांत घालावा, बेसूर गळा एके बाजूनें आंत जावा आणि सुरेल होऊन दुसरे बाजूनें बाहेर यावा. या जिनसाचे जोरावर निकेतराव पंचक्रोशींत मामांचे तारणहार म्हणोन मशहूर जाहले होते.

पूर्वीं हा जिन्नस एकवार मोल दिल्हें कीं हयातभर आपला. पुढें कंपनीची मति फिरली आणि फर्मान सुटलें कीं, आजपासोन खरेदी बंद, ज्यास सूर पाहिजे त्यानें दरमहा भाडें भरावें, भाडें थकलें कीं सूर जप्त. जुनी सनद ज्यांपाशीं होती त्यांस गोड शब्दांत कळविलें कीं तुमची सनद कायम आहे, फक्त नवे संगणकावर चालणार नाहीं. म्हणजे वतन कायम आणि गांव पाण्याखालीं. हें वाचोन पांचही गांवचे संगीतकार बहुत कष्टी जाहले आणि थळचे बंदरावरील शेडींत मसलतीस जमले.

मसलतींत अग्रपूजा नागांवचे सदाशेठ बेंजोवाले यांची, वय साठ, चाळीस वर्षें हळदींत बेंजो वाजवून बोटांस घट्टे पडलेले. त्यांणीं भाडियास साफ विरोध केला. बोलिले, "बेंजो मी येकदा घेतला. दर म्हयन्याला दुकानदार घरी येऊन तारा सोडवून न्हेत न्हाय." यावर चौलची हेमाली, जी घरीं बसोन लग्नांचीं गाणीं जुळविते आणि हिशेबास पक्की, तिणें उत्तर दिल्हें कीं, मांडव भाड्याचा, जनरेटर भाड्याचा, स्पीकर भाड्याचे, नवऱ्याची शेरवानीही भाड्याची, मग सुरानेंच काय घोडें मारिलें आहे; हंगाम चार महिन्यांचा, चार महिने भाडें भरावें, पावसाळ्यांत बंद करावें, आणि कंपनी नित्य नव्या सुधारणा देते त्या फुकट घ्याव्या. सदाशेठ म्हणाले कीं, बंद करावें हें बोलावयास सोपें. त्यांणीं मागें एक भाडें बंद करूं म्हटलें, तों सात दरवाजे लागले. पहिले दरवाजांत कंपनी पुसे, खरेंच जातां काय; दुसरेंत, कां जातां तें लिहा; तिसरेंत निम्मे भाडियाची लालूच; चौथेंत रडवेल्या तोंडाचें चित्र; पांचवे, सहावे कैसे उलटले तें स्मरत नाहीं; आणि सातवे दरवाजांत परवलीचा शब्द मागितला, तो विसरलेला, मग फिरोन पहिले दरवाजापाशीं. तें भाडें अद्याप चालू आहे. रेवदंड्याचा एक असामी हळूच बोलिला कीं चोरटी प्रत मिळते. त्याचें तोंड सर्वांनीं तेथेंच बंद केलें, कारण मागील साली चोरटे प्रतीबरोबर संगणकांत कीड शिरोन अकरा मामांचीं गाणीं एका दिवसांत नष्ट जाहलीं होतीं.

ऐसी मसलत अडली असतां निकेतरावांस एक युक्ति सुचली, आणि ती सुचली नसती तर पुढील अनर्थ टळता. गांवकीचीं भांडीं म्हणोन आपले किनाऱ्यावर जुनी चाल आहे: मोठाले टोप, पराती, झारे गांवानें मिळोन घ्यावे, समाजमंदिरांत ठेवावे, आणि ज्याचे घरीं कार्य त्यानें त्या दिवशीं न्यावे. निकेतरावांनीं अर्ज केला कीं, प्लगइनही तैसेंच घ्यावें. पांचांत मिळोन एक भाडें, एक खातें, आणि ज्याचे हातीं हळदीचें गाणें त्याची त्या दिवशीं पाळी. सर्वांनीं माना डोलाविल्या. भांड्यांचे खोलीची चावी नेहमीं वडील माणसापाशीं असते, त्या न्यायें खात्यास मोबाईल नंबर सदाशेठांचा लाविला, म्हणजे जो गृहस्थ भाडियाचे विरुद्ध होता तोच किल्लेदार जाहला. कंपनीची अट ऐसी होती कीं एके वेळीं एकच संगणक, परंतु ती अट बारीक अक्षरांत होती, आणि बारीक अक्षर वाचणें हें शूरांचें काम नव्हे.

चैत्र सुखरूप गेला. मग वैशाखांत निकेतरावांची धाकटी भगिनी क्रांती हिचें लग्न ठरलें. मोरू तांडेलांनीं नौकेवर बसोन कन्येवर चार कडव्यांचें गाणें स्वयें रचिलें, आणि आठ दिवस आधीं जाळ्यांचे खोलींत उभें राहोन गाइलें. गाणें भरोन झाल्यावर त्यांणीं तें ऐकिलें, आणि चेहरा उतरला. मग हुकूम फर्माविला, "माजा आवाज घोगरा हाय, गावाला ठावं हाय. पन मांडवात व्याही असतील. नीट करशील तर लाव. न्हायतर ह्यो बाप मांडवात उभा ऱ्हानार न्हाय." निकेतरावांनीं शब्द दिल्हा, परंतु प्लगइनाची पाळी हळदीचेच दिवशीं. क्रांतीनें हें भिंतीआडोन ऐकिलें आणि भावास एकांतीं गांठोन म्हणाली, "दादा, गान्याचं तू बघ. मना बाबा मांडवात पायजेत." बाप एकदां न्हाय म्हणाला कीं दर्या मागें सरेल पण तो सरावयाचा नाहीं, हें दोघां भावंडांस पक्कें माहीत, म्हणोन निकेतरावांस त्या दिवसापासोन अन्न गोड लागेना.

हळदीचे दिवशीं प्रातःकाळीं निकेतराव संगणकापुढें बसले, आणि पाहातात तों दरवाजा बंद. वर लाल अक्षरांत लेख कीं, संशयास्पद हालचाल आढळली, खातें गोठविलें आहे, नोंदलेले मोबाईलवर सांकेतिक आंकडा पाठविला आहे. चौकशी करितां उलगडा जाहला. तो दिवस लग्नतिथीचा मोठा दाट, पांचही गांवीं हळदी. सदाशेठ सोडोन बाकी चौघांनीं आपली पाळी समजोन एकाच घटकेस संगणक उघडिले. भांडीं एकाच दिवशीं दोघांस लागलीं तर शेजारचे गांवाहून आणितां येतात. सुरास शेजारचें गांव नाहीं, हें पांच शहाण्यांपैकीं एकाचेही ध्यानांत आलें नव्हतें. निकेतरावांनीं सदाशेठांस सतरा वेळां फोन केला. सदाशेठ वाजवूं लागले कीं फोन उचलीत नाहींत, आणि ते तर सकाळपासोन नागांवीं देवास निघालेले वऱ्हाडापुढें वाजवीत होते.

मग खासा स्वारी स्कूटरवर सिद्ध जाहली. डोकीस शिरस्त्राण, पाठीस संगणकाची थैली, आणि डिकींत आईनें दिलेली बर्फाची यादी, कारण मोहीम जरी थोर तरी येतेवेळीं बर्फवाल्यास सांगणें होतेंच. अलिबागचे चौकांत मुंबई-पुण्याकडील पर्यटकांची फौज मोटारी आडव्या घालोन बसली होती. तीस बगल देऊन, नारळींचे वाडींतून आडमार्गें, निकेतराव नागांवीं दाखल जाहले. हेमालीही चौलाहून तेथें पोहोंचलेली, तिचे मागें उरलेल्या दोघांपैकीं एक, दुसरा फोनवर. सदाशेठांनीं गाणें अर्ध्यांत सोडिलें नाहीं. सर्व सरदार उन्हांत उभे राहिले, आणि गाणें संपतांच सदाशेठांनीं खिशांतून मोबाईल काढिला, तों त्यांत कंपनीचे नऊ निरोप. त्यांणीं ते चष्मा लावून एकेक वाचिले.

तेथेंच रस्त्यावर तह जाहला. घरचें कार्य तें पहिलें, म्हणोन प्रथम तास निकेतरावांचा, तो घरीं पोहोंचल्यापासोन मोजावा, पुढें हेमालीचा, मग इतरांचा, दर तासास आंकडा सदाशेठ देतील. हंगाम संपतांच हेमालीनें सात दरवाजे लढवून भाडें बंद करावें, आणि परवलीचा शब्द आजच वहींत लिहोन ठेवावा. सदाशेठांनीं एक कलम आपलें म्हणोन घातलें. बोलिले, "माजा बेंजो मशीनीत घालून कुनी सरळ करायचा न्हाय. गेल्या साली केलास तू, निकेत. मी आयकला. मना वाटलं दुसऱ्याच कुनाला वाजवायला पैसं दिल्यास." निकेतराव खालीं मान घालोन कबूल म्हणाले, थैलींतील संगणकांत आंकडा घातला, आणि स्कूटर थळाकडे पिटाळिली.

परत येऊन त्यांणीं पाऊण तासांत असें काम केलें कीं कंपनीनें पाहिलें असतें तर पालखी दिली असती. घोगरेपणा घांसोन काढिला, श्वास पुसोन टाकिले, चारही कडवीं सुरांत ठोकोन बसविलीं. मोरू तांडेल दाराशीं येऊन उभे राहिले. निकेतरावांनीं गाणें मोठ्यानें लाविलें. आवाज असा निघाला कीं गुळगुळीत, तरणा, कोठें अडणें नाहीं. तांडेलांनीं मिशीवरोन हात फिरविला आणि खुषीची एक मान दिली. इतक्यांत स्वयंपाकघरांत सोनाबाई, म्हणजे तांडेलांची धर्मपत्नी, वड्यांचा घाणा काढीत होत्या, त्यांणीं आंतून हाक दिली, "निकेत, त्या गानाऱ्या पावन्याला उपाशी लावू नको रं. लांबनं आलेला दिसतोय."

तांडेलांचा हात मिशीवरच राहिला. निकेतरावांस वाटलें कीं आतां सर्व बुडालें, आणि त्यांणीं हळूच म्हटलें कीं आईचें लक्ष वड्यांत आहे. तांडेलांनीं गोधडीकडे पाहात पुसलें कीं आधींचा आवाज आहे काय अजून. आहे, म्हणोन निकेतरावांनीं सांगितलें. तांडेल म्हणाले, "लाव."

निकेतरावांनीं कच्चें गाणें लाविलें. घोगरा आवाज निघाला, पहिल्याच ओळींत घसरला, धाप लागलेली ऐकूं आली. एक कडवेंही पुरें जाहलें नसेल, तों आंतून सोनाबाईंचा हुकूम आला, "अवो, गात काय बसल्यात. बर्फवाला दारात उभा हाय, आधी त्याला बघा."

तांडेल मोठ्यानें हंसले. हंसतां हंसतां डोळे पुसले, ते लपविले नाहींत, आणि पुत्रास आज्ञा केली कीं हेंच लाव, आणि व्याही काय म्हणतील तें व्याह्यांनीं म्हणावें. मग बर्फवाल्याकडे गेले. निकेतरावांपाशीं भाडियाचा पाव तास शिल्लक होता. त्यांणीं तो हेमालीस सोडोन दिला, कारण तिचे हातीं एक मामा ऐसा होता कीं त्यास सव्वा तासही थोडाच.

सायंकाळीं मांडव भरला, क्रांतीस पाटावर बसविली, सुवासिनींनीं हळद लाविली, आणि गाणें सुरू जाहलें. तिसरें कडवें असें होतें कीं, लेक लहान असतां बापाबरोबर मासळीची टोपली उचलीत असे, एक कान तिचे हातीं, एक बापाचे, आणि भार सारा बापाकडेच येई. तेथें तांडेलांचा आवाज मधोमध फाटला. निकेतरावांचा हात सवयीनें आवाज कमी करावयास गेला आणि अर्ध्यांतून परत आला. व्याह्यांनीं हातची ताटली खालीं ठेविली. क्रांती हळदीचे तोंडानें रडों लागली, आणि कोणी तिला उगी म्हटलें नाहीं. तांडेल मांडवाचे खांबाशीं मान खालीं घालोन उभे होते. सोनाबाई बायकांतून वाट काढीत आल्या, नवरीस लावून उरलेली हळद हातास होती, ती त्यांणीं सर्वांदेखत नवऱ्याचे गळ्यास लाविली.

येणेंप्रमाणें थळची मोहीम फत्ते जाहली. कंपनीचा सूर कंपनीकडे राहिला, तहाचीं कलमें पाळलीं गेलीं, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत मोरू तांडेल पिवळा गळा घेऊन मांडवांत उभे होते.