परत घेतल्याची सही

सोमवार, १६ जून १९५८. हजर: बालिकाश्रमातल्या तेवीस मुली, स्वयंपाकीण गंगूबाई आणि मी. गैरहजर: सुपरिंटेंडंट काझीसाहेब, केस कापायला. टेबलावर त्यांची चिठ्ठी: 'हजामत होईतो मुलींचं पालकत्व बाईंकडे.' बाई म्हणजे मी, आश्रमाची मेट्रन.

या अनाथ मुलींचं पालक सरकार. सरकारनं तो अधिकार कलेक्टरांना दिला आणि कलेक्टरांनी काझीसाहेबांना. साहेब उस्मानाबादच्या बाजारात पान खायला निघाले तरी चिठ्ठी लिहितात. आल्यावर तिच्यावर 'परत घेतलं' अशी सही करतात, मगच शेरवानी उतरवतात. "पोरींना घटकाभरबी बिनापालक ठेवायचं न्हाय, बाई," हे ठरलेलं. आम्ही हसलो की विचारत, दुधावर झाकण ठेवता का नाही?

गेल्या वर्षी एकदा साहेब येरमाळ्याला गेले होते, मी ढोकीला. चिठ्ठी गंगूबाईंकडे. नेमकं त्याच दुपारी मुलींमधल्या रझियाच्या पोटात कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, पालकाची सही पाहिजे. गंगूबाईंनी कनवटीची चिठ्ठी काढली.

"पालक म्याच हाय. अंगठा कुठं द्यायचा?"

डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि शाईची डबी पुढं केली. रझिया वाचली. त्यानंतर चिठ्ठीला कुणी हसलं नाही. गंगूबाई मात्र आठवडाभर साहेबांशी बरोबरीनं बोलत होत्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात साहेबांच्याच हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात निघताना त्यांनी मला दोन चिठ्ठ्या दिल्या. पहिली नेहमीची, मुलींची. दुसरीत लिहिलं होतं: 'काझी, वय चोपन्न. ऑपरेशन होईतो पालकत्व बाईंकडे.'

मी वर पाहिलं. साहेब टोपीवरची नसलेली धूळ झटकत होते.

"फॉर्मावर घरच्या माणसाची सही मागतात," ते म्हणाले. "आमच्याकडं तसं कुणी न्हाय."

दवाखान्यात नातं विचारलं तेव्हा मी चिठ्ठी पुढं केली. डॉक्टर तेच होते. त्यांनी काही न विचारता टाक माझ्या हातात दिला.

साहेब बरे होऊन आले. आल्या आल्या मुलींच्या चिठ्ठीवर 'परत घेतलं' लिहून सही केली. मी दुसरी पुढं सरकवली. त्यांनी ती चष्म्याआडून बराच वेळ पाहिली.

"ऱ्हाऊ द्या. उद्या बघू."

दर सोमवारी मी कामांची यादी करते. तिच्यात पहिलं काम अजून तेच आहे: साहेबांची सही घेणे.