माझ्या सहीची गिटार

अप्पांशी हात मिळवायला गेलं की फसगत ठरलेली. पुढे केलेला हात ते सोडतच नसत. उलटा करून बघत, बोटं ताणत, खिशातली सुतळी काढून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत माप घेत, आणि मग विचारत, "कुणाचा म्हनायचा तू?"

लातुरात त्यांची लाकडाची वखार होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि वेड मात्र बेस गिटार बनवायचं. तीही दुकानात मिळते तसली नाही. लातूर-नांदेडच्या ऑर्केस्ट्रांत पोटासाठी वाजवणाऱ्या एकेका वादकाच्या मापाची. आवाज टिपणारे पिकअप आणि तारा मुंबईहून यायच्या, बाकी सागवान अप्पांचं. शेवटी दांडीच्या शेंड्यावर त्या वादकाची सही कोरायची. धर्माबादच्या एकाला सही येत नव्हती, तर त्याचा अंगठा कोरला, रेघान् रेघ.

बेसवाला म्हणजे ऑर्केस्ट्रातला बिनमहत्त्वाचा प्राणी. मी तोच होतो. बेसला तारा चारच; त्या बघून लोक हळहळत, "दोन तुटल्या वाटतं." अप्पा भडकत. "गानाऱ्याचं नाव फलकावर, अन् ज्याच्या जिवावर गानं उभं हाय त्याचं कुटंच न्हाई! मी लिव्हतो की. लाकडात लिव्हतो."

त्यांनी माझं माप घेतलं, कागदावर सही घेतली. गिटार होत आली आणि भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे कुणाला गाणं सुचेना. ऑर्केस्ट्रा मोडला. मी फिजिक्सच्या शिकवण्या धरल्या, लातुरात शिकवण्यांना ऊत आला आणि मी 'सर' झालो. क्लासचे बाक अप्पांकडूनच करून घेतले. दर वेळी ते म्हणत, "तुजी तयार हाय रे. एकदा वाजवून दाव. मला ऐकायचीय."

"ही बॅच संपू द्या, अप्पा."

बॅच कसली संपतेय! एक संपायच्या आत दुसरी दारात. अशी वीसेक वर्षं गेली. सांगायला लाज वाटते.

अप्पांना आता चालवत नाही असं कळलं, तेव्हा कुठे गेलो. वखारीतच खुर्चीवर बसले होते. त्यांनी कपड्यात गुंडाळलेली गिटार काढायला लावली. हातात घेतली तर हलकी. सागवान आणि इतकं हलकं?

"हाव. तू खांदा चोळत हिंडायलास, दिसलं मला. म्हनून आतून पोखरली. मंग पोट सुटलं तुजं, तर मागून खोलगट केली. दर दिवाळीला थोडं थोडं करत आलो."

मी एकदाही न वाजवता म्हातारा होत होतो आणि ती गिटार माझ्या मापाने बदलत होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

गळ्यात अडकवली. अंगाला चपखल बसली. अप्पांनी जुन्या स्पीकरची वायर जोडून दिली आणि डोळे मिटले. एके काळी झोपेतही वाजवलं असतं असं एक गाणं मी धरलं. बोटं वळेनात. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडखळलो. तिसऱ्यांदा तर पुढचं काही आठवेचना.

"अप्पा, माझ्याच्यानं होत नाही हो," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं.

अप्पांनी गिटार माझ्याकडून काढून घेतली, मांडीवर आडवी ठेवली. दांडीवरून सावकाश अंगठा फिरवला.

"तुजा कायबी दोष न्हाई," ते म्हणाले. "दांडीच जाड ठिवली मी."

आणि कानस शोधायला लागले.