भूपेंद्रची मोठ्या टबात बढती

माणसाला आयुष्यातली पहिली बढती नोकरीत मिळते, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात ती न्हाणीघरात मिळते. लहान टबातून मोठ्या टबात जाणे हीच ती बढती. ती वशिल्याने मिळत नाही, सेवाज्येष्ठतेनेही मिळत नाही. ती मांड्यांच्या घेरावर मिळते, आणि म्हणून आपल्याकडची एवढी एकच बढती निःपक्षपाती म्हणावी लागेल.

धुळ्यातले माझे शेजारी झुलालनाना यांचे नातू चिरंजीव भूपेंद्र (वय नऊ महिने, नाव पत्रिकेतल्या अक्षरावरून पडले, त्यात त्यांचा दोष नाही) हे या बढतीला सर्व दृष्टींनी पात्र झाले होते. ते आधाराशिवाय बसत. साबण हिसकावून घेत व त्याची चव पाहत. आंघोळ झाल्यावर त्यांना उचलले की टबही सोबत वर येई. मग एकाने भूपेंद्रला आणि दुसऱ्याने टबाला धरून दोघांना वेगळे करावे लागे. त्यांचे वडील प्रेमराज हे काम रोज ऑफिसला निघण्यापूर्वी करत आणि ओल्या बाह्यांनी कामावर जात.

त्यातच लहान टबाची दुसरीकडून मागणी आली. हा टब निळा, तळाला बदकाचे चित्र असलेला (बदकाचे डोके घासून गेले आहे), आणि भाऊबंदांच्या सामाईक मालकीचा. सोनगीर आणि एरंडोल येथे सेवा बजावून तो धुळ्यात आला होता. आता नानांची लेक रूपा, जी पहूरला दिली आहे, तिचे दिवस भरत आले, तेव्हा टब पहूरला रवाना झाला. मागे राहिले भूपेंद्र. जुन्या पद्धतीने पाय लांब करून त्यांवर नातवाला न्हाऊ घालावे, तर आजी प्रमिलाबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, यांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला.

मोठा टब घरात होता. घर बांधताना प्रेमराजने हौसेने तो बसवून घेतला होता. पांढराशुभ्र, माणूस आडवा मावेल असा. वास्तुशांतीला आलेल्या मंडळींनी देवघराच्या आधी तो पाहिला, त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढले. त्यात आंघोळ मात्र कोणी केली नाही, कारण अक्कांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता.

"माणूसले आडा पाडीसन आंगोय एकच डाव घालतस. मी जित्ती शे आजून."

आडवे पाडून आंघोळ घालतात ती शेवटचीच, यावर अपील नव्हते. तेव्हापासून त्या टबात पाणी साठवतात. आमच्या कॉलनीत नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येणार असे कळते त्या दिवशी येत नाही, आणि येतो तेव्हा घरातले सगळे कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेले असतात. अशा परिस्थितीत साठवण हवीच. नाना तर हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी घरातल्या पाण्याची रीतसर प्रतवारी केली. हंड्यांतले पाणी पिण्याचे. ड्रममधले वापरायचे. टबातले राखीव.

राखीव म्हणजे त्याला हात लावायचा नाही. ज्या दिवशी नळ येणार नाही त्या दिवसासाठी ते राखीव. तसा दिवस आला तर मुळीच हात लावायचा नाही, कारण पुढे नळ कधी येईल याची काय खात्री? आणि नळ आला की ते पाणी शिळे. शिळे पाणी ठेवू नये, म्हणून ते रस्त्यावर ओतून टब घासून पुन्हा भरायचा. भरताक्षणी ते राखीव. इतकी चोख व्यवस्था मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

भूपेंद्रची आई दिपमाला हिला या व्यवस्थेत कुठेतरी फट असेल असे वाटले. (ती पदवीधर आहे.)

"नाना, भूपेंद्रला मोठ्या टबात बसवू का?"

"ते पानी राखीव शे, बेटा."

"मग नळाच्या दिवशी सकाळी बसवते. तेव्हा आपण ओतूनच टाकतो ना?"

"त्या दिन ते शिळं ऱ्हास. शिळा पानीमा पोऱ्याले कोनी बसाडस का?"

"आणि नवीन भरल्यावर?"

"भरं का राखीव व्हयनं."

"मग मधे कधी?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मधे काही नहीच ना," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडी खंतही होती. ते प्रेमळ आजोबा आहेत. नातवासाठी त्यांनी काहीही केले असते, फक्त ते नियमात बसायला हवे होते.

ड्रममधले पाणी मोजून मिळे, म्हणून अंतरिम व्यवस्था म्हणून भूपेंद्रला ओल्या फडक्याने पुसण्यात येऊ लागले. दिवस उन्हाळ्याचे, आणि उन्हाळा खानदेशातला. पंख्याचा वाराही तव्यावरून आल्यासारखा लागे. पोराच्या मानेवर, पाठीवर घामोळे फुटले. पाण्याचे वेड असलेले ते लेकरू न्हाणीघराच्या दाराशी रांगत जाई, टबाकडे दोन्ही हात करी आणि रडून रडून लाल होई. एकदा दिपमालाही त्याच्याशेजारी खाली बसून रडली. "माझं लेकरू तळमळतंय आणि पाणी नुसतं समोर पडून आहे," असे ती मला म्हणाली. मला खरोखर वाईट वाटले. वाईट वाटून मी घरी गेलो आणि माझ्या ड्रमचे झाकण नीट बसले आहे ना ते पाहिले.

मग नळाचा दिवस उजाडला.

या दिवशी आमची कॉलनी पाहण्यासारखी असते. घराघरांतून शिळे पाणी रस्त्यावर येते. माझ्या पाहणीनुसार कॉलनीत जेवढे पाणी वापरले जाते त्याच्या सुमारे दीडपट ओतले जाते (पाहणी गॅलरीतून केलेली आहे). परका माणूस अशा वेळी आला तर त्याला वाटावे, पाण्याने इतके सुखी गाव दुसरे नसेल.

नाना बाहेर मोटरीपाशी होते. टब ओतून, घासून झाला होता. दिपमालाने नळाची नळी टबात सोडली आणि नळीशेजारी भूपेंद्रला बसवून त्याला दोन्ही हातांनी धरले. नळी गुरगुरली, थोडा वेळ नुसती हवा ओकली, आणि पाणी आले.

नाना धावत आत आले. "हाई काय चालनं?"

"टब भरतोय, नाना."

"आरे, ते पानी राखीव..."

"भरल्यावर राखीव. अजून भरलेला कुठे आहे?"

उभ्या नोकरीत नानांसमोर असा मुद्दा कोणी काढलेला नव्हता. शिळे संपलेले, राखीव सुरू व्हायचे. मधे काहीतरी होते, आणि त्या मधल्या जागेत त्यांचा नातू पाण्यावर थापा मारत होता. तेवढ्यात अक्का आल्या. त्यांनी लुगडे गुडघ्यांपर्यंत वर घेतले, टबाच्या कडेवर बसल्या आणि दोन्ही पाय आत सोडले.

"सरक रे भूप्या, मालेबी जागा दे."

पाणी भूपेंद्रच्या बेंबीपर्यंत आले. तेव्हा त्यांनी, पाण्यात बसलेले कोणतेही नऊ महिन्यांचे मूल जे करते, ते केले. नानांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. टबातले सर्व पाणी राखीव या वर्गातून कायमचे बाद झाले. ते ओतून लगेच पुन्हा भरावे, तर नळ गेला.

बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. मंडळी भेटायला आली. पायजमे दुमडून, चपला हातात घेऊन आली, कारण रस्त्यावर आम्ही सगळ्यांनी ओतलेले पाणी घोट्यापर्यंत साचले होते. त्यातून वाट काढत आलेले मोतीलालभाऊ (यांच्या हातात रिकामी बादली अजून तशीच होती) दारातूनच म्हणाले, "टबभर पाणी एका पोराच्या आंघोळीला? पाण्याची काही किंमत आहे की नाही?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही बोललो, आणि इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ बोललो.

इथे आपण, सुज्ञ वाचक, आम्हाला हसला असाल. हसायला हरकत नाही. पण खरे सांगा, नळ गेला हे वाचल्यावर आपल्या मनात पहिला प्रश्न कोणता आला? त्या टबभर पाण्याचे पुढे काय केले, हाच ना? पोराच्या घामोळ्याचे काय झाले, हे आपण विचारले नाही. ते हसले का, हेही विचारले नाही. ते इतके हसले की त्याला उचकी लागली.

आमच्या कॉलनीत दोन प्लॉट अजून शिल्लक आहेत. आपण या, आपले इथे छान जमेल. ड्रम मात्र घरून आणा.